इंग्रजी विशेषणाला यमक शोधताना: कान, आघात आणि आपली वर्णमाला

इंग्रजीत पहिल्यांदा चार ओळी जुळवल्या तेव्हा 'क्लोज' या विशेषणाला मी 'रोज' हे फुलाचं नाव यमक म्हणून लावलं होतं. कागदावर दोन्ही शब्दांचा शेवट हुबेहूब सारखा: ओ, एस, ई. एका इंग्रजीभाषक मैत्रिणीने ओळी मोठ्याने वाचल्या आणि नेमकी तिथेच ठेचकाळली. 'जवळचा' या अर्थाचा शब्द ती 'क्लोस' असा म्हणत होती आणि फूल मात्र 'रोझ'. 'क्लोझ' असा उच्चार होतो तो 'बंद करणे' या क्रियापदाचा. म्हणजे यमक जुळलं होतं क्रियापदाशी आणि ओळीत बसलं होतं विशेषण.

इंग्रजी यमक डोळ्यांनी शोधू नये हे तेव्हा कळलं. कानांनी शोधायचं म्हणजे नक्की काय करायचं, हे कळायला बराच वेळ गेला. आणि ज्या वर्णमालेकडे शाळा सुटल्यापासून ढुंकूनही पाहिलं नव्हतं, तीच या कामात सगळ्यात जास्त उपयोगी पडली. खाली जी पद्धत देतोय ती त्यातूनच आली आहे. गाणं लिहायचं असो, रॅप असो, लहान मुलांची बडबडगीतं असोत वा गंभीर कविता, पद्धत तीच.

लेखातले इंग्रजी शब्द मी स्पेलिंगकडे न बघता, शक्य तितके उच्चाराप्रमाणे लिहिले आहेत. 'झेड'च्या आवाजासाठी 'झ' वापरला आहे. देवनागरीत सगळे इंग्रजी स्वर पकडता येत नाहीत, पण यमकापुरतं काम भागतं.

पायरी १: हे विशेषण म्हणजे नेमका कोणता उच्चार?

ही पायरी फालतू वाटते आणि बहुतेक चुका इथेच होतात. इंग्रजीत एकच स्पेलिंग विशेषण म्हणून एक उच्चार घेतं आणि नाम किंवा क्रियापद म्हणून दुसरा. 'क्लोस'ची खरी भावंडं आहेत डोस, ग्रोस, मोरोस (खिन्न), व्हर्बोस (शब्दबंबाळ). रोझ, नोझ, दोझ ही क्लोझ या क्रियापदाची. तसंच 'जिवंत, थेट' या अर्थाचं विशेषण 'लाइव्ह' आहे, त्याला फाइव्ह, ड्राइव्ह, अराइव्ह चालतात. 'जगणे' हे क्रियापद 'लिव्ह' आहे, त्याला गिव्ह. 'अतिसूक्ष्म' या अर्थाचा शब्द 'मायन्यूट' आहे आणि क्यूट, अस्ट्यूट, फ्लूट हे त्याचे सोबती; घड्याळातल्या 'मिनिट'शी त्याचं फक्त स्पेलिंग जुळतं. 'समाधानी' या अर्थाचं विशेषण 'कन्टेन्ट', जोर दुसऱ्या तुकड्यावर, म्हणून स्पेन्ट, बेन्ट, इव्हेन्ट. 'आशय' या अर्थाचं नाम 'कॉन्टेन्ट', जोर पहिल्यावर, त्याला ही यमकं लागू नाहीत.

'एटीई'ने संपणारी विशेषणं हा तर खास सापळा. डेलिकेट, मॉडरेट, डेसोलेट, इन्टिमेट, सेपरेट हे शब्द मराठी बोलण्यात आपण शेवटी ठसठशीत 'एट' करून म्हणतो. इंग्रजीत विशेषण म्हणून वापरताना हा शेवट विझलेला असतो, 'इट' किंवा 'अट' यांच्या मधलं काहीतरी: डेलिकिट, मॉडरिट, सेप्रिट. क्रियापद होतं तेव्हाच 'रेट' पूर्ण ऐकू येतं. म्हणून 'डेलिकेट'ला 'लेट' किंवा 'फेट' लावलंत तर इंग्रजी कानाला ते यमक वाटणारच नाही. सिडेट (शांत) आणि ऑर्नेट (नक्षीदार) यांच्या शेवटावर जोर आहे, तिथे मात्र लेट, फेट बिनधास्त लावा.

'ईडी'ने संपणारी काही विशेषणं अशीच फसवतात. 'विकिड', 'नेकिड', 'क्रुकिड' यांत शेवटचा तुकडा वेगळा उच्चारतात. 'नेकिड'ला 'बेक्ट' जुळेल असं स्पेलिंग सुचवतं, पण ते खोटं आहे. 'विद्वान' या अर्थाचा शब्द 'लर्निड', 'शिकला' हे क्रियापद 'लर्न्ड'.

थोडक्यात, शब्दकोश उघडा, त्यात विशेषणाची नोंद शोधा आणि त्याच नोंदीतला ध्वनीचा दुवा दाबून ऐका. वरच्या नामाच्या नोंदीतला नको.

पायरी २: आघात शोधा आणि तिथून शब्द कापा

मराठीत कोणत्या अक्षरावर जोर दिला यावरून शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही. त्यामुळे आपल्या कानाला जोर टिपायची सवय नसते आणि इंग्रजी यमकाचा तर सगळा डोलारा त्या जोरावरच उभा असतो. शब्दकोशात उच्चार लिहिताना जोराच्या तुकड्याआधी वर एक छोटी उभी रेघ मारलेली असते. शब्दाला कात्री लावायची ती त्या तुकड्यातल्या स्वरापाशी. स्वरापासून शब्दाच्या शेवटापर्यंत जे उरतं त्याला मी 'शेपूट' म्हणतो.

शुद्ध यमकाच्या अटी तीन. जोराचा स्वर एकच हवा. त्यानंतरचं सगळं तंतोतंत तेच हवं. आणि स्वराच्या आधीचं व्यंजन वेगळं हवं. गझल लिहिणाऱ्यांना हे चटकन समजेल, कारण काफियातली (गझलेच्या यमकातली) अलामत, म्हणजे यमकातला न बदलणारा स्वर, सांभाळण्याची शिस्त ते पाळतच असतात. इथेही स्वर ढळला की यमक गेलं. फरक इतकाच की कोणता स्वर सांभाळायचा, ते इथे आघात ठरवतो.

तिसरी अट बहुतेक जण विसरतात. 'पोलाइट' (सभ्य) या शब्दाला 'लाइट' किंवा 'डिलाइट' लावलं तर तिन्हीत 'लाइट' हाच तुकडा येतो. इंग्रजी कानाला ते तोच शब्द पुन्हा आल्यासारखं वाटतं. नाइट, ब्राइट, फाइट, राइट ही खरी यमकं. 'काइंड' (दयाळू) आणि 'मॅनकाइंड' यांचंही तसंच.

आता 'ब्यूटिफुल' घ्या. नवखा माणूस त्याला 'वंडरफुल' लावतो, कारण दोघांच्या शेवटी 'फुल' आहे. पण ब्यूटिफुलचा जोर 'ब्यू'वर, म्हणजे शेपूट तीन तुकड्यांचं: 'ऊटिफुल'. वंडरफुलचं शेपूट 'अंडरफुल'. दोन्ही शेपटांचं फक्त टोक सारखं. ब्यूटिफुलला खरं जुळतं ते 'ड्यूटिफुल' (कर्तव्यदक्ष). शेपूट जितकं लांब तितकी यमकं कमी, असा सरळ हिशेब आहे. एका तुकड्याच्या शेपटाला डझनावारी शब्द मिळतात, दोन तुकड्यांच्या शेपटाला मूठभर, तीन तुकड्यांच्या शेपटाला एखाद-दुसरा.

याला दिलासा देणारा एक नियम आहे. 'इक'ने संपणाऱ्या विशेषणांत जोर बहुधा 'इक'च्या लगेच आधीच्या तुकड्यावर असतो, त्यामुळे शब्द कितीही लांब असला तरी शेपूट दोनच तुकड्यांचं राहतं. फॅन्टॅस्टिक, प्लॅस्टिक, ड्रॅस्टिक, इलॅस्टिक, जिम्नॅस्टिक, बॉम्बॅस्टिक, एन्थ्यूझिअॅस्टिक, सगळे एका माळेचे मणी. अपवाद आहेत, 'अॅरबिक' आणि 'कॅथलिक' यांत जोर पहिल्या तुकड्यावर असतो.

पायरी ३: शेपटापुढे वर्णमाला फिरवा

इंग्रजी पुस्तकं सांगतात की ए-बी-सी-डी क्रमाने एकेक अक्षर शेपटाआधी लावून बघा. त्यात 'सी' कधी 'क' तर कधी 'स', 'जी' कधी 'ग' तर कधी 'ज', आणि 'क्यू', 'एक्स' यांचा तर उपयोगच नाही. आपल्याकडे आवाजांच्या क्रमाने लावलेली यादी तयार आहे. क-वर्गापासून निघायचं आणि 'ह'वर थांबायचं.

'कोल्ड' घेऊन पाहू. शेपूट 'ओल्ड'. काहीच न लावता: ओल्ड, हाही शब्दच. ग: गोल्ड. ट: टोल्ड. प: पोल्ड (मत दिलं). फ: फोल्ड. ब: बोल्ड. म: मोल्ड (साचा, बुरशी). र: रोल्ड. स: सोल्ड. ह: होल्ड. मग जोडाक्षरं घ्यायची, कारण अर्धी मजा तिथे असते: स्क: स्कोल्ड (रागावणे). स्ट्र: स्ट्रोल्ड (रमतगमत चालला). ब्ल, ब्र, क्ल, क्र, फ्ल, फ्र, ग्र, प्ल, ट्र, श्र, थ्र, स्प, स्प्र, स्न, स्ल हेही फिरवून पाहा. नंतर मागे लांब होत जाणारे शब्द: अनफोल्ड, बिहोल्ड, विथहोल्ड, अनटोल्ड, कन्ट्रोल्ड, एनरोल्ड. इथे आघाताची परीक्षा पुन्हा घ्यायची. 'थ्रेशोल्ड' यादीत यावासा वाटतो, पण त्याचा जोर 'थ्रे'वर आहे, म्हणून तो शुद्ध यमक नाही.

रोल्ड, स्ट्रोल्ड, कन्ट्रोल्ड हे शब्द कुठून आले ते पाहिलंत? भूतकाळी क्रियापदं आहेत ती. स्पेलिंगने शोधणाऱ्याला ती दिसतच नाहीत, कारण ती 'ईडी'ने संपतात. 'ड' किंवा 'ट'ने संपणारं कुठलंही विशेषण असलं की भूतकाळाची पेटी उघडायचीच. 'अफ्रेड'ला मेड, शेड, फेड हे सुचतात. पण प्लेड, प्रेड, स्टेड, बिट्रेड (दगा दिला) ही क्रियापदं जास्त कामाची, कारण त्यांच्यासोबत ओळीत काहीतरी घडतं. 'स' किंवा 'झ'ने संपणाऱ्या विशेषणांसाठी अनेकवचनं आणि 'तो करतो' या अर्थाची क्रियापदं अशीच तपासावीत.

स्पेलिंग इतकं का फसवतं, याचं थोडं उत्तर इतिहासात आहे. विल्यम कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडमध्ये छापखाना घातला आणि हळूहळू स्पेलिंगं गोठत गेली. त्याच काळात, साधारण १४०० ते १७०० या तीनशे वर्षांत, इंग्रजीचे दीर्घ स्वर जागा बदलत होते. लेखन मागे राहिलं, उच्चार पुढे गेला. 'ग्रेट' हे विशेषण या गोंधळाचा उत्तम नमुना. त्याच्या 'ईएटी' या शेवटाचे हीट, ट्रीट, थ्रेट, स्वेट हे चारही शब्द त्याला जुळत नाहीत. जे जुळतात त्यांचं स्पेलिंग प्रत्येकी निराळं: लेट, वेट (वाट पाहणे), स्ट्रेट, एट (आठ). १७७५ मध्ये जॉन वॉकर यांनी शब्द शेवटच्या अक्षरापासून उलटे लावून एक कोश केला. यमकासाठी तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला गेला, पण अशा मांडणीत ग्रेट आणि थ्रेट शेजारीशेजारी येतात हा त्याचा उपजत दोष. 'वॉर्म'ही असाच: फार्म, हार्म दिसायला सख्खे, ऐकायला परके. स्टॉर्म, फॉर्म, स्वॉर्म हे त्याचे.

विशेषणाचं रूप बदलून पाहा

ही खरं तर पायरी नाही, युक्ती आहे. पण विशेषणालाच लागू पडते म्हणून वेगळी सांगतो. विशेषणाला तुलनेची रूपं असतात आणि प्रत्येक रूप नवं दार उघडतं. 'कोल्ड'ला खांदा जुळत नाही, पण 'कोल्डर' म्हटलं की 'शोल्डर' आलाच, आणि मागोमाग बोल्डर (मोठा खडक), फोल्डर, होल्डर, स्मोल्डर (धुमसणे). 'कोल्डली' केलं तर बोल्डली. 'कोल्डेस्ट' केलं तर ओल्डेस्ट. तुमच्या ओळीला 'थंड'ऐवजी 'अधिक थंड' चालणार असेल तर यमकांचा साठा अचानक बदलतो. मी अडलो की आधी हेच करून पाहतो.

उलट बाजूनेही जाता येतं. 'फेमस'ला एका शब्दात 'इग्नोरेमस' (अडाणी) हे शुद्ध यमक आहे, पण त्याचा उपयोग विनोदी कवितेपुरताच. मग दोन शब्द मिळून एक यमक करायचं: 'शेम अस', 'ब्लेम अस', 'नेम अस'. जोर पहिल्या शब्दावर, दुसरा विझलेला, म्हणजे फेमसच्याच चालीचा. रॅप लिहिणारे या जोडयमकावर जगतात. मघाच्या 'नेकिड'लाही असंच वाचवता येतं: 'टेक इट', 'ब्रेक इट', 'फेक इट'. शेवटी 'ड'च्या जागी 'ट' आहे, म्हणून हे शुद्ध नाही, जवळचं यमक झालं.

पायरी ४: जवळची यमकं, वर्गांच्या हिशेबाने

आता खरा रस इथे आहे. 'ब्रोकन' (मोडलेला) घ्या. शेपूट 'ओकन'. शुद्ध यमकं मोजकीच: स्पोकन, टोकन, वोकन, ओकन (ओक लाकडाचा), आणि त्यांचीच लांब रूपं अनस्पोकन, आउटस्पोकन, अवोकन. 'ब्रोकन'नंतर 'अनस्पोकन' येणार हे ऐकणाऱ्याला ओळ संपायच्या आधीच कळतं. इथे जवळचं यमक घेणं म्हणजे तडजोड नाही, ती सुटका आहे.

जवळचं म्हणजे किती जवळचं, हे ठरवायला वर्णमालेच्या चौकटीइतकं चांगलं माप मला दुसरं सापडलेलं नाही. शेपटातला स्वर जागच्या जागी ठेवायचा आणि व्यंजन सरकवायचं.

सगळ्यात जवळचा बदल म्हणजे त्याच वर्गात कठोर वर्णाचा मृदू करणे: क चा ग, ट चा ड, प चा ब. 'ओकन'चं 'ओगन' होतं आणि 'स्लोगन' हाती लागतं. इतका बारीक फरक की गाण्यात कुणाच्या लक्षातही येत नाही.

त्यानंतरचा बदल म्हणजे वर्ग बदलायचा, पण कठोरपणा तसाच ठेवायचा: क च्या जागी प किंवा ट. 'ओपन'. ब्रोकन आणि ओपन ही जोडी मला शुद्ध यमकांपेक्षा जास्त आवडते. 'द विंडो वॉज ब्रोकन, द डोअर स्टुड हाफ ओपन' असं म्हणून पाहा, कान कुठेही तक्रार करत नाही.

तिसरं अंतर: स्पर्श व्यंजन सोडून घर्षणाच्या आवाजांकडे जायचं. इंग्रजीत या बाकावर फ, व्ह, स, झ, श आणि दोन 'थ' बसतात. ओशन, मोशन, डिव्होशन, फ्रोझन, चोझन, वोव्हन (विणलेला). इथे शब्दच शब्द मिळतात आणि त्यातले बरेच जण ओळीला काही देऊन जातात. चौथं अंतर र-ल यांच्याकडचं: स्टोलन, स्वोलन, आणि एक व्यंजन जास्तीचं घेऊन गोल्डन.

अनुनासिकांचं वेगळं कुटुंब आहे. न, म आणि ङ एकमेकांची जागा सहज घेतात, कारण कानाला नाकातला घुमारा ऐकू येतो, जीभ कुठे टेकली ते फारसं कळत नाही. म्हणून 'वॉर्म'ला टॉर्न, बॉर्न, स्कॉर्न (तिरस्कार) ही फार सुंदर जवळची यमकं आहेत. 'ब्रोकन'ला याच न्यायाने 'होकम' (थोतांड) लागतं.

इथे आपल्या वर्णमालेची एक मर्यादा ध्यानात ठेवायला हवी. इंग्रजी 'थ' हा त-वर्गातला थ नाही. तो जीभ दातांना जेमतेम लावून, हवा घासून काढलेला आवाज आहे. त्यामुळे त्याचे जवळचे नातेवाईक त आणि ट नाहीत, फ, स, व्ह, झ आहेत. 'स्मूथ' या विशेषणाचा उच्चार मुळात मृदू आहे, 'स्मूद'च्या जवळचा पण घासलेला, आणि त्याचं ठळक शुद्ध यमक 'सूद' (सांत्वन करणे) हे. आपण त्याला 'ट्रूथ' आणि 'यूथ' सर्रास लावतो. ते शुद्ध नसलं तरी कठोर-मृदूच्या नात्याने जवळचं आहे. पण 'स्मूथ' आणि 'मूव्ह' ही जोडीही तितकीच चांगली आहे, हे मराठी कानाला पटकन सुचत नाही. त्याला 'फूड' जवळचं वाटतं. इंग्रजी कानाला 'मूव्ह' जास्त जवळचं.

याहून दूर गेलात की दोन वाटा फुटतात. एका वाटेवर फक्त स्वर राखायचा: ब्रोकन, लोनली, होपफुल. दुसऱ्या वाटेवर स्वर सोडून व्यंजनं राखायची: टेकन, शेकन, वीकन, डार्कन. या दुसऱ्या वाटेचं टोक म्हणजे आधीची आणि नंतरची दोन्ही व्यंजनं राखून फक्त स्वर बदलणं: ब्रोकन आणि ब्रॅकन (नेच्याची एक जात). पहिल्या महायुद्धात इंग्रज कवी विल्फ्रेड ओवेन यांनी हा प्रकार मुद्दाम वापरला. यमक जुळतं-जुळतं म्हणताना निसटतं आणि वाचणारा अस्वस्थ होतो. शोक, भीती, तुटलेपण यांसाठी हे हत्यार धारदार आहे. वाढदिवसाच्या गाण्यात मात्र वापरू नका.

गाणं असेल तर स्वर राखणारी वाट घ्यावी, असं माझं मत आहे. गाणारा स्वरावर थांबतो, शेवटचं व्यंजन जेमतेम टेकवतो. कागदावर वाचायची कविता असेल तर व्यंजनांचा सारखेपणा जास्त जाणवतो.

आपला कान कुठे दगा देतो

'गुड' या विशेषणाला वुड, हुड, स्टुड, कुड, अंडरस्टुड चालतात. फूड आणि मूड यांत स्वर दीर्घ आहे आणि 'ब्लड'मध्ये तर तो 'अ' आहे. स्पेलिंग मात्र चौघांचं 'ओओडी'. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद आपण लिहिताना पाळतो, बोलताना तितका नाही, म्हणून इथे पाय घसरतो. 'लूस' (सैल) आणि 'लूझ' (हरवणे) यांचंही तेच: गूस, ट्रूस, मूस पहिल्याचे, चूझ, ब्रूझ दुसऱ्याचे. 'सॅड' आणि 'सेड' (म्हणाला) यांच्यातला ॲ आणि ए चा फरक घाईत बोलताना पुसला जातो. सॅडला बॅड, मॅड, ग्लॅड. सेडचा संसार रेड आणि डेड यांच्याशी.

हे सगळे जवळचं यमक म्हणून वापरायला हरकत नाही. फक्त तुम्ही ते जाणूनबुजून करताय की नकळत, एवढंच स्वतःला विचारा.

आणि कुणाची इंग्रजी, हेही ठरवा. लंडनच्या प्रमाण बोलीत स्वरानंतरचा 'र' उच्चारत नाहीत, म्हणून तिथे 'वॉर्न' (झिजलेला) आणि 'डॉन' (पहाट) हे शुद्ध यमक आहे. बहुतेक अमेरिकन तोंडात 'र' वाजतो आणि यमक मोडतं. 'रॉ' (कच्चा) लंडनमध्ये 'मोअर' आणि 'डोअर' यांना जुळतो, तर बऱ्याच अमेरिकन बोलींत 'स्पा'ला. एका कवितेत एकाच बोलीचे नियम पाळा.

साधनं

ऑनलाइन यमककोश वापरा, पण पायरी १ आणि २ झाल्यावर. राइमझोनसारख्या साइटवर शुद्ध आणि जवळची यमकं वेगवेगळी मिळतात. अशा साधनांत कार्नेगी मेलन विद्यापीठाचा मोफत उच्चारकोश खूप वापरला जातो: १,३४,००० हून अधिक शब्द, ३९ ध्वनिचिन्हं, आणि प्रत्येक स्वराला ०, १ किंवा २ असा आघाताचा आकडा. थोडं पायथॉन (प्रोग्रामिंगची एक भाषा) येत असेल तर हा कोश थेट वापरून स्वतःची शेपटं स्वतः शोधता येतात. तो उत्तर अमेरिकी उच्चारांचा आहे, त्यामुळे 'वॉर्न'ला 'डॉन' तो देणार नाही. शिवाय 'क्लोज'चे दोन्ही उच्चार त्यात एकाच शब्दाखाली आहेत, म्हणून यंत्र रोझ आणि डोस यांची खिचडी समोर ठेवतं. त्यातून कोणता शब्द विशेषणाचा, हे तुम्हीच निवडायचं.

पायरी ५: यादीतून ओळीकडे

वीस शब्दांची यादी हाती आली म्हणजे काम झालं असं नाही. इंग्रजीत विशेषण साधारणपणे नामाच्या आधी येतं, आणि यमक येतं ओळीच्या शेवटी. म्हणजे विशेषण शेवटी आणायचं तर वाक्याची रचना तशी लागते: 'द कोल्ड नाइट' नाही, 'द नाइट वॉज कोल्ड'. 'अ नाइट सो कोल्ड' हेही चालतं, पण अशा उलट्या रचना दोन-तीनदा आल्या की ओळी जुनाट वाटू लागतात.

काही विशेषणं नामानंतर येऊच शकत नाहीत: मेन, मिअर (केवळ), अटर (निव्वळ), फॉर्मर. 'मिअर'ला फिअर, टिअर, निअर अशी झकास यमकं आहेत, पण ओळीच्या शेवटी 'मिअर' ठेवणार कसा? उलट अलोन, अस्लीप, अवेक, अफ्रेड, अलाइव्ह ही विशेषणं नामाआधी येतच नाहीत, ती आपणहून वाक्याच्या शेवटाकडे सरकतात. यमकासाठी ही सोन्यासारखी. अलोनला स्टोन, बोन, नोन, थ्रोन, फोन. काम पाच मिनिटांचं.

विशेषणाला विशेषणच लावू नका, ही माझी एक अट. कोल्ड-बोल्ड-ओल्ड अशी माळ झाली की ओळींत नुसती वर्णनं साचतात, घडत काही नाही. कोल्डला होल्ड किंवा टोल्ड लावा, क्रियापद आलं की वाक्य हलतं. आणि दोन शब्दांपैकी जो ओढूनताणून आणलेला आहे तो आधीच्या ओळीत ठेवा, सहज सुचलेला नंतर. ऐकणारा यमक तपासतो ते दुसऱ्या ओळीच्या शेवटी. तिथे नैसर्गिक शब्द पडला की पहिल्या ओळीतली कसरत त्याला कळतही नाही. 'कोल्डर-शोल्डर' करताना 'स्मोल्डर' वापरायचाच असेल तर पहिल्या ओळीत.

रंगांची विशेषणं शेवटी घेतो, कारण ती सगळ्यांना छळतात. 'पर्पल'ला 'हर्पल' (लंगडत चालणे) आणि 'कर्पल' (घोड्याचा मागचा भाग) असे दोन शुद्ध शब्द आहेत. 'सिल्व्हर'ला 'चिल्व्हर' (मादी कोकरू). 'ऑरेंज'ला वेल्समधली 'ब्लॉरेंज' ही टेकडी. हे शब्द माहीत असणं मजेचं, पण ओळीत टाकलेत तर सोबत तळटीप द्यावी लागेल. जवळची यमकं घ्या: ऑरेंजला स्टोरेज, फॉरिन, किंवा जोडयमक 'डोअर हिंज'. सिल्व्हरला 'डिलिव्हर', 'रिव्हर', 'शिव्हर', फक्त 'ल'ची जागा हललेली किंवा तो गळालेला. पर्पलला 'सर्कल', प चा क झाला, मघाशी ओपनने केलं त्याच्या नेमकं उलट.

आणि यातलं काहीच बसत नसेल तर रंग ओळीच्या मध्ये सरकवा आणि शेवट नामाला द्या. 'द स्काय वॉज ऑरेंज'ऐवजी 'ॲन ऑरेंज स्काय' करा. 'स्काय'ला हाय, क्राय, फ्लाय, गुडबाय अशी कितीतरी यमकं तयार आहेत.